एक्क्याऐंशीवी नोट

पोलिसांनी जप्त केलेल्या पैशांचं पुढं काय होतं, असा विषय निघाला की माणूस हमखास डोळा मारतो. लग्नाच्या पंगतीत मारतो, न्हाव्याच्या खुर्चीत बसून मारतो, दवाखान्याच्या रांगेत तापानं फणफणलेला असला तरी मारतो. किल्लेदारांना या डोळा मारण्याची भारी चीड. "काय होतं म्हणजे? मोजतात, पाकिटात घालतात, वर लाखेचं सील लावतात आणि माझ्या कपाटात ठेवतात. कोर्ट सांगेल त्या दिवशी, सांगेल त्याला देतात. यात डोळा मारण्यासारखं काय आहे?" असं ते एका दमात म्हणत. समोरचा म्हणे, "हो हो, अगदी बरोबर," आणि दुसरा डोळा मारी.

किल्लेदार म्हणजे कुठल्या गडाचे किल्लेदार नव्हेत हो. साधे हवालदार, आणि ही गोष्ट नोटाबंदीच्या आधीची. पण ठाण्याच्या मागच्या अंगाला मुद्देमालाची खोली होती, म्हणजे आरोपींकडून जप्त केलेलं सगळं जिथं कोर्टाच्या निकालाची वाट बघत पडतं ती खोली, आणि तिच्या अकरा किल्ल्या एकोणीस वर्षं यांच्या कमरेला. चालले की आवाज यायचा. उशिरा आलेले शिपाई त्या आवाजानं सावध व्हायचे, म्हणून हे नाव पडलं आणि खरं नाव पगारपत्रकात उरलं.

खोलीत काय नव्हतं ते विचारा. सतरा सायकली, दोन शिलाई यंत्रं, एक तराजू, पोपटाचा रिकामा पिंजरा, कुणाच्या तरी डोक्यात घातलेला आणि त्यामुळे एका बाजूनं चेपलेला कुकर. प्रत्येक वस्तूला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. किल्लेदारांच्या स्वतःच्या छत्रीलाही चिठ्ठी होती, तिच्यावर लिहिलं होतं, 'खाजगी. मुद्देमाल नव्हे.' डब्यालाही तशीच. आणि पैशांच्या पाकिटांचं कपाट तर देवघरासारखं. त्याला हात लावण्याआधी हात धुवायचे.

त्यांचे दोन नियम सगळ्या ठाण्यात चेष्टेचा विषय होते. पहिला, 'आधी मोजा, मग सही.' टाचणी जमा करायला आलात तरी मोजणार. दुसरा नियम जरा विचित्र. स्वतःचं पैशांचं पाकीट ते खोलीबाहेरच्या खिळ्याला अडकवून मगच आत पाऊल टाकत. पोलीस ठाण्यात, येणाऱ्याजाणाऱ्या चोरांच्या नजरेसमोर, पाकीट खिळ्याला! ते कधी चोरीला गेलं नाही, कारण त्यात काही नसे हे चोरांनाही ठाऊक झालं होतं. पण हे असं का, म्हणून विचारलं तर किल्लेदार नुसतं म्हणत, "आतलं आत, बाहेरचं बाहेर."

ठाण्यात असा मान. घरी मात्र हा माणूस जुगारी.

हसू नका. बायकोनं त्यांना चौदा वर्षांपूर्वी जुगारी ठरवलं होतं, आणि त्या निकालावर अपील नव्हतं. बाई संसाराला पक्की. पगार हातात पडला की ती आधी पेन्सिल शोधायची आणि प्रत्येक नोटेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचं काम लिहायची. दूध. भाडं. फी. शेंगदाणे. एकदा का नोटेवर लिहिलं की ती नोट दुसऱ्या कामाला जायची नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. एकदा दूधवाल्याला चुकून 'औषध' लिहिलेली नोट गेली, तर तो दुसऱ्या दिवशी तब्येत विचारायला आला.

तर चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी तिनं नवऱ्याच्या हातात पाचशेची एक नोट ठेवली. तीन महिने एकेक करून वाचवलेले पैसे, सुटे देऊन एक बंदी नोट करून आणलेले. "आज येताना चष्मा करून या. काल तुम्ही शेजारणीला मी समजून हाक मारलीत." किल्लेदार संध्याकाळी घरी आले ते चष्म्याशिवाय आणि नोटेशिवाय. नोट कुठाय? "पडली." कुठं पडली? "रस्त्यात." आणि नेमकं त्याच दिवशी ठाण्यानं पत्त्यांच्या एका अड्ड्यावर धाड घातली होती, हे तिला शेजारणीकडून कळलं. झालं! बाईनं दोन आणि दोन चार केले. "धाड घालायला गेलात आणि बसून आलात!"

तेव्हापासून ती नोट त्या घरात राहायला आली. चष्मा पुढं वर्षभरानं झाला, पण तो बहुधा खिशातच असे. भाजी महाग झाली की नोट निघे, पाहुणे आले की नोट निघे. जावई सुट्टीला आला आणि पत्ते काढले की सासूबाई ते हळूच उचलून कपाटात ठेवत, "ह्यांच्यासमोर नको." किल्लेदार मान खाली घालून जेवत. बोलायचे नाहीत. बोलले असते तर एका वाक्यात सुटले असते, पण ते वाक्य त्यांना तोंडातून काढता येत नव्हतं. का, ते आता येईल.

निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा खोलीचा ताबा देण्याचं काम सुरू झालं. त्यांच्या जागी येणारी हवालदार बाई तरुण, चपळ, बोटं कॉम्प्युटरवर सरसर चालणारी. तिला सगळे नवीन बाई म्हणत. ती यांना काका म्हणायची आणि एकेक पुठ्ठ्याची चिठ्ठी वाचून यादीवर खूण करायची. सहा दिवसांत तीन कपाटं झाली. एक स्क्रू कमी निघाला नाही. साहेब, म्हणजे ठाण्याचे इन्स्पेक्टर, एक स्थूल आणि सदा पित्तानं हैराण झालेले गृहस्थ, येऊन म्हणाले, "किल्लेदार, तुमचा ताबा स्वच्छ झाला की मी वर तसा दाखला पाठवतो. तो गेला की पेन्शन सुरू. दाखला नाही तर पेन्शन नाही, हे माहीत आहे ना?" किल्लेदारांना चांगलंच माहीत होतं. पेन्शनशिवाय त्यांच्याकडे चिठ्ठी लावलेली छत्री तेवढी होती.

सातव्या दिवशी सकाळी टेलरमास्तर आले.

टेलरमास्तरांची कथा ऐकण्यासारखी. चौदा वर्षांपूर्वी त्याच धाडीत ते सापडले होते. अड्ड्याच्या मालकाला नवी पँट शिवायची होती म्हणून हे माप घ्यायला गेलेले. पोलीस आत शिरले तेव्हा मास्तर गुडघ्यावर बसून मालकाच्या कमरेभोवती मोजपट्टी धरून होते. पिशवीत दुकानाच्या अनामतीचे पैसे, पाचशेच्या ऐंशी नोटा. ऐकतो कोण! मालकासह सगळे गोळा झाले. पंचनाम्यात लिहिलं, 'नोटा नग ऐंशी, मोजपट्टी नग एक.' दुकान गेलं. मास्तरांनी चौदा वर्षं ओसरीवर मशीन टाकून शिवणकाम केलं आणि कोर्टाच्या तारखा केल्या. गेल्या महिन्यात ते निर्दोष सुटले, आणि कोर्टानं हुकूम दिला की सदर नोटा व सदर मोजपट्टी यांना परत करावी.

"या मास्तर, बसा," किल्लेदार म्हणाले, पण त्यांचा चेहरा काही बरोबर नव्हता. नवीन बाईनं पाकीट काढलं. लाखेचं सील जसंच्या तसं, वर किल्लेदारांच्या अंगठीचा ठसा. साहेबही येऊन बसले. ठाण्याची सगळी लिखापढी करणारे रायटर कागद घेऊन आले. सील फोडलं. नवीन बाईनं नोटा मोजल्या, आणि थांबली. पुन्हा मोजल्या.

"काका, एक्क्याऐंशी आहेत."

"ऐंशी," रायटर म्हणाले. "कागदावर ऐंशी आहेत."

"कागदावर असतील. हातात एक्क्याऐंशी आहेत."

साहेबांनी मोजल्या. एक्क्याऐंशी. रायटरांनी मोजल्या. मास्तरांनी नुसती बोटं लावून मोजल्या, कारण शिंप्याच्या बोटाला चूक माहीत नसते. एक्क्याऐंशी.

आता सांगतो. कमी निघाल्या असत्या तर काही अवघड नव्हतं. कमी निघाल्या तर काय करायचं ते पोलीस खात्याला पाठ आहे. त्याचा फॉर्म आहे, त्याची चौकशी आहे, त्याची शिक्षा आहे. पण जास्त? एकतीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी असला प्रकार ऐकला नव्हता. ते खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "या ठाण्यातून पैसे गेले तर लोक विश्वास ठेवतील. या ठाण्यात पैसे आले, हे कोणाला सांगायचं?"

किल्लेदार फुटलेल्या लाखेचे तुकडे गोळा करत बसले होते. त्यांना त्या एक्क्याऐंशीव्या नोटेचा अख्खा जन्म ठाऊक होता.

त्या दिवशी धाडीचं सामान गाडीतून उतरलं तेव्हा तेव्हाचे मोठे साहेब घाईत होते. "ऐंशी नोटा, सही करा," म्हणाले, आणि किल्लेदारांनी आधी सही केली. गाडी गेल्यावर स्पंजावर बोट ओलं करून मोजायला बसले. एकोणऐंशी! बोट ओलं करून पुन्हा मोजल्या. एकोणऐंशी. डोळे बारीक करून, खिडकीशी जाऊन, नोटा नाकाशी धरून मोजल्या. एकोणऐंशीच. सही झालेली. आता कमी सांगितली तर मोठे साहेब म्हणणार, तुझ्याकडे आल्यावर कमी झाली. मग बोभाटा, निलंबन, आणि मग लग्नाच्या पंगतीत डोळे. किल्लेदारांनी खिशातून स्वतःची पाचशेची नोट काढली, गठ्ठ्यात सारली, पाकीट बंद केलं, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि अंगठीचा ठसा मारला. ऐंशी पूर्ण. सुटलो, असं त्यांना वाटलं.

कोऱ्या करकरीत नोटा होत्या हो. ओल्या बोटानं दोन एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि या माणसाला दोनाची एक दिसली. चौदा वर्षं कपाटात वाळून त्या आपोआप सुट्या झाल्या. तेव्हा नोटांचे नंबर लिहून घेण्याची पद्धत नव्हती, नाहीतर सगळं तेव्हाच उघडकीला आलं असतं.

पण आता हे सांगायचं कसं? जप्तीचा माल सीलबंद करताना त्यात हात घातला, तोही सही करून झाल्यावर, असं कबूल केलं की दाखला गेला, पेन्शन गेली.

साहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्या ऐंशी घ्या आणि निघा. एक राहू दे इथं."

"कुठली राहू दे?" मास्तरांनी विचारलं.

"कुठलीही! सगळ्या पाचशेच्याच आहेत की."

"असं कसं, साहेब? कोर्टानं 'सदर नोटा' म्हटलंय. सदर म्हणजे त्याच. यातली सदर नसलेली चुकून माझ्याकडे आली आणि सदर असलेली तुमच्याकडे राहिली, तर? मी एकदा नुसतं माप घ्यायला गेलो आणि चौदा वर्षं खेटे घातले. ऐंशीसाठी चौदा. आता एक्क्याऐंशीसाठी किती घालू? माझं वय बघा. तुमची कुठली ते आधी दाखवा, मग माझ्या नेतो." आणि मास्तर बाकावर मांडी घालून बसले.

साहेबांनी वरच्या कार्यालयात फोन लावला. तिकडून आवाज आला तो सगळ्यांना ऐकू आला. "जास्त? कमी नाही ना? मग मला कशाला फोन केलास?" साहेबांनी खुलासा केला. मग आवाज म्हणाला, "पण वाढली कशी? पाकिटात कोणीतरी हात घातल्याशिवाय वाढते का? चौकशी कर. तोवर त्या हवालदाराचे कागद थांबव."

रायटर किल्लेदारांना कोपऱ्यात घेऊन गेले आणि कानाशी लागून म्हणाले, "काका, वेड्यासारखं काय करताय? एक नोट खिशात घाला. ऐंशी उरल्या. मोजणी चुकली म्हणतो. ना बोंब ना बोभाटा."

"माझ्या खोलीतून? खिशात?"

"एकच नोट, काका."

आणि मंडळी, ती नोट यांची स्वतःची होती. स्वतःच्या कष्टाची, बायकोनं तीन महिने वाचवलेली. पण मुद्देमालातून ती उचलून खिशात घालायचं म्हटल्याबरोबर किल्लेदारांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. त्या धाडीनंतर चौदा वर्षांत ज्यानं त्या खोलीत रिकामं पाकीटही नेलं नाही, त्याला स्वतःची नोट चोरणंसुद्धा जमेना. "नको," ते म्हणाले. "थांबू देत कागद."

तेवढ्यात नवीन बाई ओरडली. ती दिव्याखाली एकेक नोट उलटून बघत बसली होती. "काका! साहेब! हिच्या कोपऱ्यात पेन्सिलनं काहीतरी लिहिलंय!"

साहेबांनी नोट डोळ्याशी नेली. "चष्मा," ते म्हणाले. मग त्यांचे डोळे चमकले. पित्त विसरून ते ताडकन उठले. "चष्मा! अरे, हा अड्ड्याचा सांकेतिक शब्द आहे! पोलीस येताहेत का ते बघायला रस्त्यावर उभा करतात त्या माणसाचं नाव असणार. मोठी टोळी होती तर! आणि आपण एवढ्याशा पँटवाल्याला पकडून बसलो!" ते वळले. "मास्तर, खरं सांगा. हा चष्मा कोण?"

टेलरमास्तरांच्या नाकावर चष्मा होता. त्यांनी तो झटकन काढला आणि खिशात लपवला.

"लपवता काय! काढा बाहेर!"

"साहेब, हा माझा जवळचं बघायचा आहे, सुईत दोरा ओवायला..." मास्तरांनी बाकावर ठेवलेली मोजपट्टी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. चौदा वर्षांपूर्वी गुडघ्यावर बसलेला माणूस असाच दिसला असेल. किल्लेदारांनी ते बघितलं, आणि त्यांच्याच्यानं राहवेना. आपल्या एका नोटेपायी हा माणूस पुन्हा आत जाणार? पेन्शन गेली चुलीत!

"साहेब, त्यांना सोडा," ते म्हणाले. "नोट माझी आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सही, एकोणऐंशी, स्पंज, मेणबत्ती, सगळं. सांगताना त्यांचं लक्ष साहेबांकडे नव्हतं, खाली फरशीकडे होतं.

साहेबांनी नियमांचं जाड पुस्तक मागवलं आणि पानं उलटायला लागले. बराच वेळ उलटली. "मुद्देमालातून काढलं तर कलम आहे," ते शेवटी म्हणाले. "बदललं तर आहे. जाळलं, पुरलं, खाल्लं, सगळ्याला आहे. पदरचं घातलं तर काय करायचं, हे लिहायचं कुणाला सुचलेलंच नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावर पित्त नव्हतं. "किल्लेदार, घ्या तुमची नोट आणि जा घरी."

यावर एखादा शहाणा माणूस नोट घेऊन घरी गेला असता. पण किल्लेदारच ते! "असं नाही, साहेब. मी म्हणतो म्हणून मला द्यायची? उद्या कोणीही उठेल आणि पाकिटातली नोट माझी म्हणेल. ओळख पटवून घ्या. रीतसर. पंचांसमोर."

"कोण ओळखणार आता चौदा वर्षांनी?"

किल्लेदारांनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. कोर्टात उलटतपासणीला ते कधी घाबरले नव्हते. "आमची मंडळी," ते म्हणाले.

तर अशी ती ओळखपरेड झाली. चोराला ओळखायचं असलं की त्याच्यासारख्या दिसणाऱ्या पाचसहा माणसांत उभं करतात ना, तशी नोटेची. साहेबांनी एक पाचशेची नोट दिली, रायटरांनी एक, शिपायांनी वर्गणी काढून चार. प्रत्येकाचा नंबर लिहून घेतला, कारण पोलिसांचा पोलिसांवर फार विश्वास. मग नवीन बाई म्हणाली, एकीवरच अक्षर असलं तर कोणीही ओळखेल, परेड नि:पक्षपाती हवी. म्हणून बाकीच्यांवरही पेन्सिलनं लिहिलं, कुणावर 'चप्पल', कुणावर 'किराणा', आणि रायटरांनी आपल्या वळणदार अक्षरात एकीवर मुद्दाम 'चष्मा' लिहिलं. पंच म्हणून एक चहावाला मिळाला. दुसरा मिळेना.

"मास्तर, तुम्ही व्हा."

"मी? मी आरोपी होतो!"

"सुटलात ना? मग झालात प्रतिष्ठित नागरिक. इथं सही करा."

मास्तरांनी खिशातून चष्मा काढून पुन्हा नाकावर चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ठाण्याच्या कागदावर ताठ मानेनं सही केली.

दुपारी किल्लेदारांची बायको आली. एकतीस वर्षांच्या संसारात तिनं ठाण्याचा उंबरा ओलांडला नव्हता. शिपाई बोलवायला आल्यावर तिला वाटलं, सापडले शेवटी, निवृत्तीच्या तोंडावर पत्ते खेळताना सापडले. ती तणतणतच आत शिरली. "काय केलंत?" असं तिनं नवऱ्याला विचारलं, आणि किल्लेदार भिंतीकडे बघायला लागले.

"बाई, बसा," साहेब नम्रपणे म्हणाले. "तुमची एक नोट हरवली होती का?"

"एक?" बाई म्हणाली. "एकच. चौदा वर्षांपूर्वी. ह्यांनी पत्त्यात घालवली."

"तिच्यावर काही खूण?"

"असणारच. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलेलं. चष्मा."

तिला टेबलाशी नेलं. सात नोटा ओळीनं मांडलेल्या. बाई एकेकीवरून नजर फिरवत पुढं सरकली. रायटरांच्या नोटेशी थांबली. "हे कोणी लिहिलंय? एवढी वळणं काढायला वेळ असतो का बायकांना?" पुढं सरकली. पाचव्या नोटेवर तिनं बोट ठेवलं. "ही. हे माझं अक्षर. आमटी चुलीवर ठेवून घाईघाईत लिहिलं होतं, बघा, शेवटची रेघ खाली घसरलीय." आणि मग ती थांबली. "ही इथं कशी? अड्ड्यावर सापडली?"

मग नवीन बाईनंच सांगितलं. काकांनी सही केली, काकांना एक कमी वाटली, काकांनी खिशातली घातली. दोन नोटा चिकटल्या होत्या, काकांना दिसलं नाही.

बाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा पदर तोंडाकडे गेला. "म्हणजे," ती हळूहळू म्हणाली, "डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून नोट कमी वाटली. आणि कमी वाटली म्हणून चष्म्याचीच नोट आत घातली."

"हो," किल्लेदार म्हणाले.

आधी चहावाला हसला. मग मास्तर, मग साहेब पोट धरून हसले. बाईही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी थांबेचना. "चौदा वर्षं मी तुम्हाला जुगारी म्हणत होते. जावयासमोर म्हणत होते. अहो, एकदा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं?"

किल्लेदारांनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं.

"सील तुटलं असतं," ते म्हणाले.

साहेबांनी कागद पुढं ओढून स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं. मुद्देमाल पूर्ण, घट नाही, कर्मचाऱ्याची एक खाजगी नोट नजरचुकीनं पाकिटात गेली होती ती ओळख पटवून परत केली, ताबा स्वच्छ. दाखल्यावर सही करून त्यांनी तो त्याच दिवशी वर पाठवला. मास्तरांनी आपल्या ऐंशी नोटा घेतल्या, मोजपट्टी गळ्यात घातली आणि जाता जाता म्हणाले, "किल्लेदार, निवृत्तीचा सदरा मी शिवणार. माप इथंच घेतो. आता मला कोण पकडतंय बघू."

मग पावती राहिली. नवीन बाईनं ती नोट टेबलावर ठेवली आणि सहीसाठी वही पुढं केली. किल्लेदारांनी पेन उचललं.

"थांबा," बायको म्हणाली. तिनं त्यांच्या खिशातून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या नाकावर चढवला. "आधी मोजा."

किल्लेदारांनी नोट हातात घेतली आणि मोजली. एकच होती. तरी त्यांनी दोनदा मोजली, आणि मग सही केली.